टेकाडांच्या पोटातलं राज्य : कोरियातील गायाच्या थडग्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जागतिक वारशाच्या पानावर दक्षिण कोरियातील गायाकालीन थडग्यांची चार ओळींची नोंद होती. सात दफनभूमी, काळ इसवी सनाचं पहिलं ते सहावं शतक, युनेस्कोच्या यादीत समावेश सप्टेंबर २०२३, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर मुंबई परिसरातून बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

गिरगाव : ‘गाया’ हे नाव वाचून बिहारमधलं गया आठवलं. दोघांचा काही संबंध आहे का? आणि हे राज्य नेमकं होतं कुठे?

बिहारच्या गयेशी या नावाचा संबंध जोडता येईल असा पुरावा नाही. एकाच नावाची गारा, गाराक, गाया अशी अनेक रूपं जुन्या नोंदींत दिसतात. स्थानिक उच्चार चिनी लिपीत उतरवताना ज्याने त्याने आपल्याला जवळची वाटली ती अक्षरं वापरली, म्हणून हा गोंधळ.

कोरियाच्या दक्षिण टोकाला नाकदोंग नदी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात आणि आसपासच्या किनाऱ्यावर हा प्रदेश होता. पूर्वेला सिल्ला, पश्चिमेला बेक्जे, दूर उत्तरेला गोगुर्यो आणि समुद्रापलीकडे जपान. एक दुरुस्ती मात्र सुरुवातीलाच करायला हवी. गायाला ‘राज्य’ म्हणणं सोयीचं असलं, तरी तिथे एक सिंहासन कधीच नव्हतं. गिमहेचं गुमग्वान गाया, हामानचं आरा गाया, गोर्यंगचं दे गाया, गोसंगचं सो गाया अशी शेजारी शेजारी नांदणारी छोटी राज्यं होती. वारसा यादीतल्या सात दफनभूमी सात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्याचं कारण हेच.

दादर : ज्या राज्याने स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही, त्याच्याबद्दल थडग्यांवरून किती सांगता येतं? बाकी सगळा अंदाजच म्हणायचा ना?

शंका रास्त आहे. ‘सामगुक सागी’ हा कोरियाचा जुना इतिहासग्रंथ ११४५ मध्ये पूर्ण झाला. त्यात सिल्ला, गोगुर्यो आणि बेक्जे या तिघांना स्वतंत्र खंड आहेत, गायाला नाही. इर्यन या भिक्षूच्या तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’मध्ये गिमहेच्या राजवंशाची संक्षिप्त कथा येते, पण तोवर ते राज्य बुडून सातशे वर्षं झाली होती. गिमहेच्या राजाने ५३२ मध्ये सिल्लापुढे शरणागती पत्करली आणि गोर्यंग ५६२ मध्ये पडलं. म्हणजे लेखी इतिहास आहे तो शेजाऱ्यांनी आणि जिंकणाऱ्यांनी लिहिलेला. गायाच्या माणसांनी स्वतःच्या हाताने मागे ठेवलं ते जमिनीखाली.

त्यातून अंदाजापलीकडचं कळतं, कारण थडगं बांधायची पद्धत काळानुसार बदलत गेली आणि तो क्रम पक्का बसवता आला आहे. सर्वांत आधीच्या पद्धतीत खड्ड्यात एक लाकडी पेटी आणि थोड्या वस्तू असत. छांगवनजवळच्या दाहोरी इथलं पहिल्या क्रमांकाचं थडगं या जातीचं आहे. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक, म्हणजे गायाच्याही आधीचा. ओकाचं अख्खं खोड चिरून, पोखरून त्याची शवपेटी केलेली होती. १९८८ मध्ये उत्खनन झालं त्यापूर्वीच चोर तिच्यापर्यंत पोचले होते, पण पेटीच्या खाली आणखी एक लहान खड्डा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यात एक टोपली होती. चिनी नाणी, लाकडी दांड्यासकट लोखंडी कुऱ्हाडी, लाखेचा लेप दिलेल्या वस्तू आणि पाच कुंचले असा ऐवज तिथून मिळाला. या कुंचल्यांना दोन्ही टोकांना केस आहेत. लिहिण्याचं साधन त्या काळी या भागात पोचलं होतं, हे एका ओल्या खड्ड्याने सांगितलं.

पुढे साधारण दुसऱ्या शतकापासून पेटीभोवती लाकडी कोठी आली. कोठी म्हणजे जागा, आणि जागा झाली की वस्तू वाढतात. चौथ्या-पाचव्या शतकांत लाकडाऐवजी दगड आला. लांबट, अरुंद खड्डा, चारी बाजूंनी रचलेल्या दगडी भिंती, वर आडव्या झाकणशिळा आणि त्यावर मातीचं टेकाड. सहाव्या शतकात बाजूने वाट असलेली खोली आली, म्हणजे पुढच्या पिढीतलं मयत त्याच खोलीत आणता येऊ लागलं. ही रीत बेक्जेकडून आली. कोणत्या गावात दगडी कोठी कधी आली, टेकाड कधी वाढलं आणि कधी एकदम थांबलं हे मांडलं, की सत्ता कुठून कुठे सरकली ते दिसू लागतं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण इसवी सन ४०० च्या आसपासचं आहे. गोगुर्योच्या ग्वांगगेथो राजाचा ४१४ मधला शिलालेख सांगतो, की सिल्लाच्या मदतीला पन्नास हजारांचं सैन्य गेलं आणि शत्रूचा पाठलाग करत थेट गायापर्यंत पोचलं. आता गिमहेची देसंग-दोंग दफनभूमी पाहा. तिथल्या राजथडग्यांची परंपरा पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तुटते. त्याच शतकात आत डोंगराळ भागात गोर्यंगच्या जिसान-दोंग इथल्या डोंगरधारेवर मोठमोठी टेकाडं उठू लागतात. ४७९ मध्ये गोर्यंगच्या राजाने थेट दक्षिण चीनच्या दरबारी दूत पाठवल्याचं चिनी इतिहास सांगतो. शिलालेख, थडगी आणि चिनी नोंद अशा तीन वेगळ्या तोंडांनी एकच गोष्ट बाहेर येते, तेव्हा तिला अंदाज म्हणणं योग्य नाही.

भांडी हाही मोठा साक्षीदार आहे. उंच बैठकीच्या वाट्या सगळीकडे आहेत, पण बैठकीला पाडलेली भोकं जागेनुसार बदलतात. ज्वालेच्या आकाराचं भोक दिसलं की ते भांडं हामानचं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात गोर्यंगच्या धाटणीची भांडी पश्चिमेला नामवनपर्यंत जातात. इथे नवखा अभ्यासक एक चूक हमखास करतो. परक्या धाटणीची पाच-दहा भांडी मिळाली की राज्य तिथवर पसरलं असं तो मानतो. भांडी बाजारातूनही येतात. रोजच्या वापराचा अख्खा संच बदलला आहे का, आणि त्याच वेळी थडगं बांधायची रीतही बदलली आहे का, या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ मिळालं तरच सत्तेबद्दल बोलावं.

विलेपार्ले : गायाला ‘लोखंडाचं राज्य’ म्हणतात. थडग्यांत याचा पुरावा काय?

तिसऱ्या शतकातला चिनी इतिहासग्रंथ ‘सानगुओ ची’ म्हणतो, की या भागात लोखंड निघतं, शेजारचे लोक आणि जपानचे ‘वा’ लोक ते न्यायला येतात आणि बाजारात ते नाण्यासारखं चालतं. थडग्यांनी हे वाक्य जसंच्या तसं खरं केलं. मधे निमुळत्या आणि दोन्ही टोकांना पंख्यासारख्या पसरलेल्या चपट्या लोखंडी पट्ट्या तिथे गठ्ठ्यांनी मिळतात. बऱ्याचदा त्या दहादहाच्या जुड्या बांधून शवपेटीखाली अंथरलेल्या असतात. ही हत्यारं नव्हेत. हा कच्चा माल आहे, आणि तोच पैसा आहे. पट्टी तापवली की तिचा विळा होतो, नाही तापवली तर ती तिजोरीत राहते.

हत्यारांचीही कमी नाही. उभ्या पट्ट्या रिव्हेटांनी जोडलेली चिलखतं, शिरस्त्राणं, कडीदार मुठीच्या तलवारी आणि घोड्याचा साज मिळतो. हामानला १९९२ मध्ये इमारतीसाठी जमीन खोदताना वर आलेले लोखंडाचे तुकडे वर्तमानपत्र टाकणाऱ्या एका मुलाच्या नजरेस पडले. त्यामुळे खणणं थांबलं आणि घोड्याच्या अंगावरचं जवळजवळ अख्खं चिलखत मिळालं. लहान लोखंडी पत्रे चामड्याच्या दोरीने ओवून ते केलेलं होतं. दोरी कुजली, तरी पत्रे ज्या ओळींत पडले होते त्यावरून कोणता भाग छातीचा आणि कोणता पोटाचा ते ठरवता आलं. बुलडोझरचं आणखी एक फावडं पडलं असतं, तर उरली असती ती पाटीभर भंगाराची पत्र्याची रास.

लोखंडापाठोपाठ समुद्र आला. देसंग-दोंगच्या ९१ क्रमांकाच्या थडग्यात रोमन काचेच्या बाटलीचा मुठीचा तुकडा आणि उत्तर चीनच्या श्यानबी लोकांच्या धाटणीचा घोड्याचा साज मिळाला. १३ क्रमांकात ढालीला लावायची, चक्राच्या पात्यांसारखी कांस्याची फुलं आहेत. ती जपानशी असलेला संबंध दाखवतात. हाप्चनजवळच्या ओक्जन इथे निळ्या ठिपक्यांचा रोमन काचेचा प्याला होता. गायाचे कुंभारही समुद्र ओलांडून गेले. पाचव्या शतकात जपानमध्ये ‘सुए’ नावाची राखाडी, दगडासारखी टणक भांडी सुरू झाली, ती गायाच्या भट्टीतंत्रावर.

डोंबिवली : राजाबरोबर माणसं पुरत असत असं वाचलं. ती एकाच वेळी पुरली हे कसं ठरवतात? नंतर मेलेले नातेवाईक शेजारी पुरले असतील, असं का नाही?

जिसान-दोंगचं ४४ क्रमांकाचं थडगं या प्रश्नाचं उत्तर देतं. ते १९७७-७८ मध्ये खणलं गेलं. टेकाडाचा व्यास साधारण २७ मीटर. मध्यभागी सुमारे साडेनऊ मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद अशी राजाची दगडी कोठी, वस्तूंसाठी आणखी दोन मोठ्या कोठ्या, आणि त्यांच्याभोवती लहान लहान ३२ दगडी कोठड्या. काही मधल्या कोठीकडून किरणांसारख्या पसरलेल्या, काही तिला वळसा घालणाऱ्या.

एकाच वेळचं दफन आहे की नाही हे मातीच्या थरांवरून ठरतं. टेकाडाची माती एकदम लोटत नाहीत. वर्तुळाचे पाचरीसारखे भाग पाडून, वेगळ्या रंगाच्या मातीचे थर एकावर एक टाकून, धुमसून ती रचतात. कुणी नंतर येऊन कोठडी खणली असती, तर वरचे थर उभे कापले गेले असते आणि त्या चरात मिसळ माती भरलेली दिसली असती. काळ्या फळ्यावर पांढरी रेघ दिसावी तशी ती रेघ उत्खननात दिसते. ४४ क्रमांकात ३२ कोठड्यांवरचे थर अखंड आहेत. म्हणजे राजा गेला, आणि टेकाड उभं राहण्याआधी ही सगळी माणसंही गेली. याउलट गोसंगच्या सोंगहाक-दोंगला आधी टेकाड रचून मग त्यात कोठ्या खणल्या आहेत, त्यामुळे तिथे चर स्पष्ट दिसतात. थर वाचता आले की हा फरक चुकत नाही.

या ३२ कोठड्यांतल्या माणसांची संख्या छत्तीसच्या पुढे धरतात. वयं लहान मुलापासून वृद्धापर्यंत आहेत. कुणाजवळ सूत कातायची चाती आहे, कुणाजवळ विळा किंवा बाण, कुणाच्या कानात सोन्याची भूषणं. एका कोठडीत प्रौढ पुरुष आणि लहान मुलगी एकत्र आहेत. हे सगळे युद्धकैदी किंवा गुलाम असते, तर अंगावर सोनं राहिलं नसतं. सूत कातणारी, घोडा सांभाळणारा, पहारेकरी असं राजाचं सगळं घर त्याच्यासोबत पाठवलं गेलं. मृत्यूनंतरही हाच संसार पुढे चालणार, ही श्रद्धा त्यामागे होती. चिनी नोंदीत आणखी एक रीत आहे. मृताचा आत्मा उडून जावा म्हणून दफनाच्या वेळी मोठ्या पक्ष्याची पिसं वाहत. गायाच्या थडग्यांत बदकांच्या आकाराची मातीची पात्रं मिळतात, ती याच समजुतीशी जुळतात.

एका मुलीबद्दल सविस्तर कळलं आहे. छांगन्यंगच्या सोंगह्यन-दोंग इथल्या १५ क्रमांकाच्या थडग्यात चार बळी होते. त्यांतली एक मुलगी साधारण सोळा वर्षांची, उंची सुमारे १५३ सेंटिमीटर. डाव्या कानात सोन्याचं एक भूषण होतं. हाडांची वाढ पूर्ण झालेली नव्हती. दातांना कीड होती, रक्त कमी असल्याच्या खुणा होत्या, आणि पायांच्या हाडांवर वारंवार गुडघे टेकून बसल्याचे घट्टे होते. तिचा पूर्ण देह घडवून २००९ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला. राजाचं नाव हरवलं, पण त्याच्या घरात गुडघ्यांवर बसून राबणारी ही मुलगी समोर उभी राहिली. गायाच्या संशोधनातलं हे आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं, सोन्याच्या मुकुटांहूनही.

सिल्लाच्या जिजंग राजाने ५०२ मध्ये ही प्रथा बंद केल्याची नोंद आहे.

मुलुंड : मी पुरातत्त्व शिकते आहे. असं टेकाड प्रत्यक्ष कसं उघडतात? आणि काम बिघडतं ते कुठे?

कुदळ शेवटी येते. आधी टेकाडाचा समोच्च नकाशा, मग भूभेदक रडारने आत दगड किंवा पोकळी कुठे आहे याचा शोध. त्यानंतर माथ्यावरून एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा आखून टेकाडाचे चार भाग करतात. समोरासमोरचे दोन भाग आधी खणतात आणि भागांच्या मधे मातीचे बांध उभे राखतात. हे बांध म्हणजे टेकाडाचा उभा छेद. वर सांगितलेले थर वाचायचे ते इथेच. घाईत बांध पाडला तर पुरावा कायमचा गेला, कारण उत्खनन दुसऱ्यांदा करता येत नाही.

झाकणशिळा लागल्या की प्रत्येकीला क्रमांक देतात, चित्र काढतात, फटींतला चिकणमातीचा लेप तपासतात. लेप अखंड असेल तर कोठी उघडलेली नाही. फटीतून लहान कॅमेरा सोडून आत पाहतात आणि मगच क्रेनने शिळा उचलतात. शिळेची खालची बाजू पाहायला विसरू नये. हामानच्या मारिसान इथल्या १३ क्रमांकाच्या थडग्यात झाकणशिळेच्या आतल्या बाजूला खळगे कोरून नक्षत्रं काढलेली होती, आणि भिंती लाल रंगवलेल्या. शिळा उलटून रचून ठेवली असती, तर हे कुणालाही कळलं नसतं.

बिघाड बहुतेक वेळा उघडल्यानंतरच्या तासांत होतो. हजारो वर्षं ओलीत राहिलेलं लाकूड हवा लागताच आकसतं आणि चिरतं. म्हणून ते ओलंच ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं, आणि प्रयोगशाळेत पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन भरायचं. लोखंडाचं दुखणं वेगळं. गंजात क्षार अडकलेले असतात. वरून वस्तू कोरडी, नीटनेटकी दिसते आणि काही महिन्यांनी पापुद्रे सुटून पडते. त्यामुळे क्षार काढल्याशिवाय लोखंड कपाटात ठेवायचं नाही. गंज खरवडण्याआधी क्ष-किरणांखाली पाहायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. छांगन्यंगच्या ग्यो-दोंग इथली एक तलवार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली होती. तिच्या पात्यावर सोन्याच्या तारेने ठोकलेली अक्षरं आहेत हे कित्येक दशकांनी क्ष-किरणांतच दिसलं. कुणी आधी पॉलिश मारलं असतं तर?

हाडांबाबत कोरियाची माती निष्ठुर आहे. ग्रॅनाइटपासून झालेली ही आम्लधर्मी माती हाडं विरघळवते. बऱ्याच थडग्यांत देह कुठे होता ते फक्त कर्णभूषणं आणि मण्यांच्या जागेवरून कळतं. गिमहेच्या येआन-री इथे हाडं टिकली, कारण शेजारी शिंपल्यांचे थर होते आणि त्यांच्यातल्या चुन्याने आम्ल मारलं. तिथेच कपाळ दाबून चपटं केलेल्या कवट्या मिळाल्या. बाळाचं डोकं दगडाने दाबून चपटं करतात असं चिनी ग्रंथात लिहिलं होतं, ते खरं निघालं. शिंपल्यांची रास नसती, तर ते वाक्य कल्पितकथा ठरलं असतं.

बोरिवली : अयोध्येची राजकन्या कोरियात जाऊन राणी झाली, असं अनेकदा ऐकतो. थडग्यांतून हे सिद्ध झालं आहे का?

नाही. कथा ‘सामगुक युसा’मधली आहे. ‘आयुता’ देशाची सोळा वर्षांची हो ह्वांग-ओक इसवी सन ४८ मध्ये लाल शिडाच्या नौकेतून आली आणि सुरो राजाची राणी झाली. गिमहेत तिची म्हणून मानली जाणारी समाधी आहे, तिच्याशेजारी तिने आणलेल्या दगडांचा म्हणून सांगितला जाणारा छोटा मनोराही आहे. अयोध्येत २००१ मध्ये तिचं स्मारक झालं. दोन देशांच्या आजच्या मैत्रीत या कथेचं स्थान मोठं आहे, आणि ते मान्य करायलाच हवं.

पण इतिहास म्हणून तपासताना अडचणी दिसतात. कथा घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेली आपल्या हाती आहे. पहिल्या शतकात आजच्या अयोध्येचं प्रचलित नाव साकेत होतं. गिमहेच्या पहिल्या शतकातल्या थडग्यांत भारतातून आलेली वधू दाखवील असं काही मिळालेलं नाही. राणीची समाधी तर उत्खननाविनाच आहे.

तरीही दक्षिण आशियाचा धागा आहे, तो मण्यांचा. त्या काळच्या दक्षिण कोरियातल्या लोकांना सोन्यारुप्यापेक्षा मणी प्रिय, असं चिनी ग्रंथ म्हणतो. देसंग-दोंगच्या ७६ क्रमांकातल्या एका कंठ्यात स्फटिक, अकीक आणि काच मिळून २,४७३ मणी आहेत. काचेची नळी ओढून तिचे तुकडे करून घडवलेले बारीक एकरंगी मणी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूपासून आग्नेय आशिया, चीन, कोरिया, जपानपर्यंत मिळतात. असे मणी हातोहात, बंदराबंदरातून पोचतात. एक राजकन्या येण्यापेक्षा शेकडो अनाम व्यापाऱ्यांची ही साखळी आम्हाला जास्त थोर वाटते, आणि तिचा पुरावा मुठीत धरता येतो.

माटुंगा : सिल्लाचे सोन्याचे मुकुट जगप्रसिद्ध आहेत. गायाचे का नाहीत? गाया गरीब होतं का?

मुख्य कारण बांधणीत आहे. सिल्लाच्या ग्यंगजू इथल्या मोठ्या थडग्यांत लाकडी कोठीवर गोटे-दगडांचा प्रचंड ढीग आणि त्यावर माती असे. लाकूड कुजलं की ढीग आत कोसळून सगळं गाडून टाकी. चोराने खणायला घेतलं की दगड घसरून भोक बुजे. म्हणून १९७३ मध्ये तिथलं ‘छनमाछोंग’ उघडलं, तेव्हा ११ हजारांहून अधिक वस्तू जागच्या जागी होत्या. गायाची दगडी कोठी मात्र पोकळ राहते. एक झाकणशिळा सरकवली की चोर सरळ आत. त्यात वसाहतकाळात जपानी संशोधकांनी घाईने थडगी उघडली आणि पुष्कळ वस्तू देशाबाहेर गेल्या.

जे वाचलं ते नशिबाने. ग्यो-दोंगचं ६३ क्रमांकाचं थडगं २०२० मध्ये पूर्ण अभंग मिळालं, कारण नंतरच्या ३९ क्रमांकाच्या टेकाडाने त्याला झाकून टाकलं होतं. चोर वरच्या थडग्यावर समाधान मानून गेले. खाली मुकुटापासून पायांपर्यंतचे दागिने देहाच्या मापाने मांडलेले होते. जिसान-दोंगच्या ३२ क्रमांकात मुलामा दिलेला कांस्य मुकुटही मिळाला आहे. ४४ क्रमांकात जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांतल्या समुद्रशंखाची पळी आहे. समुद्रापासून इतक्या आत, डोंगरात ती पोचते, तेव्हा त्या घराला गरीब म्हणता येत नाही.

वसई : आपल्याकडे असं काही आहे का? आणि गावी घराचा पाया खणताना जुनी वस्तू निघाली तर काय करावं?

विदर्भातली शिळावर्तुळं जवळची. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत, माहुरझरीला घोड्याचा तांब्याचा साज मिळाला आणि नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी. काळ गायाच्या बराच आधीचा. लोखंड, घोडा आणि दफन ही सांगड मात्र ओळखीची.

वसईकरांच्या उंबऱ्यावरचं उदाहरण सोपाऱ्याचं. बुरूड राजाच्या कोटात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक, अगदी आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. करंडकाभोवती आठ कांस्य मूर्ती. पेटीतलं नाणं यज्ञ सातकर्णीचं, दुसऱ्या शतकातलं, आणि मूर्ती कित्येक शतकं नंतरच्या. कोणती वस्तू कुठे होती हे इंद्रजींनी नीट टिपून ठेवलं, म्हणून पेटी पूर्वी एकदा उघडून पुन्हा बंद केली असावी असं आज म्हणता येतं. वस्तू एशियाटिक सोसायटीत आहेत.

पाया खणताना काही लागलं तर काम थांबवा. वस्तू उचलू नका, धुऊ तर मुळीच नका. जागच्या जागी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, किती खोलीवर आणि कोणत्या रंगाच्या मातीत होती ते लिहा, आणि पाऊस असेल तर ताडपत्री टाका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं असतं. काय सापडलं, अंदाजे किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे अर्जात लिहा. राज्य पुरातत्त्व संचालनालयालाही प्रत द्या. आधी घरी आणून ब्रशने घासून मग कळवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यात वस्तू उरते, पण तिची जागा हरवते.

अंधेरी : बुसानला कामानिमित्त जाणार आहे, हाताशी एकच दिवस आहे. काय पाहावं?

गिमहे. बुसानहून गिमहेची लाइट रेल विमानतळावरूनच जाते. सुरो राजाची समाधी, देसंग-दोंगचं संग्रहालय आणि राष्ट्रीय संग्रहालय एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ आहेत. सोमवार टाळा, कोरियातली बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. देसंग-दोंगला २९ आणि ३९ क्रमांकांची थडगी छताखाली उघडी ठेवली आहेत. नंतरचं ३९ आधीच्या २९ ला कापत गेलेलं तिथे डोळ्यांनी दिसतं, तेव्हा खड्ड्याच्या कडेची मातीची रेघ शोधा. दुसरा दिवस मिळाला तर देगूच्या पश्चिम बसस्थानकावरून गोर्यंगला जा. तिथे ४४ क्रमांकाची आतली रचना मूळ मापात उभारली आहे, आणि वरच्या डोंगरधारेवर ७०४ टेकाडं आहेत. त्यांच्यामधून पायवाट जाते. टेकाडांवर चढायला मनाई आहे.